ऐश म्हणजे भात

अजमानच्या कोर्टात, दुसऱ्या मजल्यावर,
लहान दाव्यांच्या खोलीत मी दुभाषा आहे.
तारखेमागे पैसे मिळतात.
लोक माझ्याकडे बघत नाहीत, माझ्यातून बघतात,
खिडकीच्या काचेतून बघावं तसं.

आज पहिला पुकारा:
सुधाकर टेमकर, राहणार दाभोळ,
विरुद्ध अन्वर हमदुले, राहणार वेलदूर.
मधे फक्त खाडी. तरीतून दहा मिनिटं.
भेटले मात्र इथे, इंडस्ट्रियल एरियात,
एका लोखंडी खाटेच्या वर आणि खाली.

दावा फ्रिजचा.
जुना, सहाशे दिरहमचा, निम्मे याचे निम्मे त्याचे,
पावती कुणाकडेच नाही.
सात वर्षांनी अन्वरनं खोली सोडली
आणि जाताना फ्रिज विकला.

एवढं अरबीत सांगणं सोपं.
घेतला, दिला, विकला, कोणत्या तारखेला.
भांडणाची हाडं सगळ्या भाषांत सारखीच.

मग सुधाकर म्हणाला,
"साहेब, आत माझे सोडे होते."

सोडे.
"सुकवलेली कोळंबी," मी म्हणालो.
काझींनी लिहून घेतलं नाही.
"सोललेली," सुधाकर म्हणाला, "वहिनीनं
चार दिवस कावळे हाकत सुकवलेली.
विमानात मांडीवर घेऊन आलो होतो."
कावळे मी गाळले.
मांडी ठेवली.

अन्वर उभा राहिला.
"तीन महिन्यांचं वीजबिल यानं दिलं नाही.
एसी रात्रभर अठरावर. हा खाली घोरायचा,
मी वर, तोंडावर वारा,
दोन बनियन आणि एक स्वेटर घालून.
वाळवंटात स्वेटर, साहेब!"
हे मी पूर्ण सांगितलं. स्वेटरसकट.

साक्षीदार रफीकुल, चितगावचा, किराणावाला,
फ्रिज आता त्याच्याकडे.
"आत डबा होता?"
"होता."
"कुठे आहे?"
"खाल्ला." जरा थांबून, "वांग्यात घालून. फार छान लागला."
खोलीत कुणी हसलं नाही.
सुधाकरनं नकळत मान डोलवली.
वांग्याबद्दल त्याची तक्रार नव्हती.

आणि मग, अन्वरकडे न बघता,
"एका पातेल्यात जेवलो आम्ही.
हा खाल्ल्या मिठाला जागला नाही."

एकवीस वर्षं या खुर्चीत मी शब्दांना शब्द लावतो.
असं वाक्य आलं की आत काहीतरी गडबडतं,
आता हे फोडून सांगावं लागणार,
आणि फोडलं की त्यातलं मीठ सांडणार.
पण सांडलं नाही.
यांच्याकडे ते आधीपासूनच होतं:
ऐश आणि मिल्ह.
आमच्याकडे ऐश म्हणजे चैन.
यांच्या बोलीत ऐश म्हणजे भात.
मी म्हणालो, यांच्यात भात आणि मीठ होतं.

काझींचं पेन थांबलं.
त्यांनी पहिल्यांदा दोघांची तोंडं नीट पाहिली.
"किती वर्षं?"
"सात," दोघंही एकदम म्हणाले, मी विचारायच्या आधीच.
कळला होता त्यांना प्रश्न.

निकाल: तीनशे दिरहम, दोन हप्त्यांत.
वीजबिलासाठी वेगळा दावा करावा.
सोड्यांची किंमत सिद्ध न झाल्याने फेटाळली.
मिठाचा उल्लेख नाही. कसा असेल?

दुसरा पुकारा व्हायला वेळ होता.
(एक नर्स, एक शिंपी, आखूड झालेला झगा.)
मी खिडकीशी चहा घेऊन उभा राहिलो.

खाली बस थांब्यावर छप्पर नाही, नुसता खांब.
साडेदहाचं ऊन. खांबाची सावली
वीतभर रुंद.
सुधाकर त्या सावलीत उभा,
त्याच्या मागे अन्वर, त्याच सावलीत,
पाठीला पाठ, बोलणं बंद.
सावली सरकली की एक सरकायचा,
मग दुसरा.

बस कुणाची आधी आली ते बघायचं राहून गेलं.
मला पुकारा झाला.