खोट्या रंगांचा नकाशा

दर पाच दिवसांनी तो लाउझित्सवरून जातो.
ढग नसले, तर मी कॉटबुसच्या कचेरीत
त्याची चित्रं उलगडून बसते.
हिरवं असेल ते इथे लाल दिसतं:
पाइनच्या नव्या रांगा, ल्युपिन,
कसंबसं तग धरून असलेलं गवत.
नवख्यांना मी आधी हेच सांगते,
लाल बघून दचकू नका, लाल म्हणजे जिवंत.
काळं ते पाणी.
करडी ती खाण.

काल कीटो लेनिक आला, वय एक्याऐंशी,
टोपी हातात.
म्हणाला, आमचा हातपंप दाखव.
पंपाला त्याने सोर्बी शब्द वापरला,
तो मला दोनदा विचारावा लागला.
जुनं चित्र काढलं, सत्त्याऐंशीचं.
त्यातला एक ठिपका तीस मीटरचा.
घर, गोठा, पंप, मधाच्या पेट्या,
सगळं मिळून दोन ठिपके.
पुढच्या वर्षी तेही करडे.

"आणि आता?"
लाल, मी म्हटलं. गडद. शून्य पॉइंट सात दोन.
अहवालात लिहिलंय: जमीन पूर्ववत.
"मग कुंपण कशाला? आत जाऊ नका म्हणून पाटी कशाला?"
खालची वाळू अजून बसलेली नाही, आजोबा.
पाणी चढलं की पेजेसारखी सुटते,
झाडांसकट.
हे वरून दिसत नाही.

तो बराच वेळ बघत राहिला.
मग बोट टेकवलं, ठिपक्याच्या जरा डावीकडे.
"पंप इथे होता. तुझं यंत्र चुकतंय."

आज नवं चित्र आलंय.
काचेवर त्याच्या बोटाचा ठसा आहे,
पाच-सहा हेक्टरांचा.
त्याखाली लाल आहे की करडं,
नीट दिसत नाही.