सतरा मिनिटं

हापसालूत फेब्रुवारी. समुद्र गोठलाय.
मारिकाच्या लॅपटॉपवर
खिडकीत आणखी एक खिडकी उघडते :
हिरवी टेकडी, निळं आभाळ,
विंडोज एक्सपी.

आपण पाहुणे आहोत हे त्याला ठाऊक नाही.
पानात वाढलेली एक जीबी मेमरी
म्हणजेच अख्खं घर, अशी त्याची समजूत.

एंडेलचा प्रोग्राम इथंच तेवढा चालतो,
हातमोज्यांच्या नक्षीचा.
नव्या मशीननं त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं.
एंडेल असता तर दोन शिव्या हासडून
रात्रीत नीट केला असता.

ती घरं भरत जाते.
पांढरं, पांढरं, तांबडं. पांढरं.
माउस आत अडकला तर उजवा कंट्रोल,
ही राइगोची चिठ्ठी
पडद्याच्या कडेला, टेप सुटत आलेली.

राइगो, पुतण्या. मोठ्या हौसेनं त्यानं
आतलं घड्याळ बरोबर लावून दिलं होतं.
तिनं ते बिघडवून घेतलं.
सतरा मिनिटं पुढं, एंडेल ठेवायचा तसं,
टालिनची बस चुकू नये म्हणून.
(तरी चुकायचीच.)
बिघडवायला राइगोला अख्खी संध्याकाळ लागली.

झाकताना लॅपटॉप विचारतो :
बंद करू, की आहे तसं जपून ठेवू?
ती जपून ठेवते.
ओळ अर्धी, कर्सर तांबड्यावर.

बाहेर दहाला पाच कमी.
आत बस निघून गेलेली.