पुढची तारीख

बुधवार लसीकरणाचा.
मांडीवर निळी पेटी, आत बर्फाच्या चार वड्या
आणि त्यांच्या मधोमध, बोटाएवढ्या बाटल्यांतून,
पलीकडच्या वाडीतल्या अकरा पोरांची औषधं.
मी होडीत बसते. बशीर होडेकर दोर सोडतो.

ह्या काठाला रेंज नाही, त्या काठालाही नाही.
फक्त मध्ये, जिथे पाणी हिरव्याचं काळं होतं,
डोंगरामागचा टॉवर मिनिटभर डोकावतो
आणि सगळ्यांचे फोन एकदम खडखडतात
पाटीत चिंबोऱ्या खवळाव्यात तसे.

त्या मिनिटात जग होडीत चढतं.
कुठल्याशा शहरात इस्पितळावर पडलेला बॉम्ब.
कुठे धान्याची गोदामं जळतायत तिसऱ्या दिवशीही.
एक बाई, चेहऱ्यावर चुन्यासारखी धूळ,
काहीतरी पोटाशी धरून पळतेय.
काय ते दिसण्याआधीच चित्र अडकतं,
नुसतं चाक फिरत राहतं गोल गोल.

रत्नप्रभा मयेकर, सुक्या बांगड्यांची पाटी पायांशी,
न विचारता माझा फोन पेटीवर पालथा घालते.
"बाये, ता बघून तुजो बरफ इतळतलो."

शरीफा आपा मात्र फोन वर धरते, दोन्ही हातांनी,
भरतीच्या पाण्यातून चालताना पिठाचा डबा धरावा तसा.
तिचा सलीम तेलाच्या जहाजावर आहे, आखातात.
मागच्या बुधवारी तिने विचारलं होतं, जेवलास का.
तेवढंच. त्यावर उत्तर नाही.

बशीर वल्हं फिरवतो.
ओहोटी खेचत असते समुद्राकडे
आणि तो उलटं वल्हवत राहतो, घामाघूम,
नुसतं जागच्या जागी राहण्यासाठी.
उशीर झाला असं कुणी म्हणत नाही.
मीही नाही, मांडीला गारवा कमी होत असताना.

उत्तर येत नाही.
पण शाळेतला तेजस आपाच्या खांद्यावरून वाकून म्हणतो,
"दोन खुणा झाल्या! म्हणजे पोचला मेसेज.
म्हणजे त्याचा फोन चालू आहे."
आपा त्या दोन खुणा सगळ्यांना दाखवते,
एकेकाला, वेगवेगळ्या,
मग बशीरला, ज्याचे दोन्ही हात गुंतलेत.

काठाला चिखल, जांभ्याच्या पायऱ्या, अंगणवाडी.
अकराची बारा झालीत.
बारावी नऊ दिवसांची, आईच्या जुन्या साडीत,
मूठ इतकी घट्ट की उघडून बघावीशी वाटते.
डाव्या दंडाला सुई. ती रडते, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी.
"इथे फोड येईल, मग पिकेल," मी आईला सांगते,
"घाबरायचं नाही. काही लावायचं नाही.
खूण राहील. राहू दे."

कार्डावर नावाची जागा कोरी.
खाली रकाने: दीड महिना, अडीच, साडेतीन,
नऊ महिने, दीड वर्ष, पाच वर्षं,
दहा,
आणि अगदी शेवटी, घडीवर येतो म्हणून
कधी कुणी वाचत नाही तो: सोळा वर्षं.

कुणीतरी हे छापलंय.
सरकारी छापखान्यात, स्वस्त पिवळ्या कागदावर, लाखांनी,
प्रत्येकावर सोळा वर्षं धरून.
बावीस वर्षं मी ही कार्डं भरते
आणि आज पहिल्यांदा पेन थांबलं.
दीड महिन्यानंतर काय असेल, मला काय ठाऊक?
ते शहर? सलीमचं जहाज?
आई वाट बघत होती. तिला घरी जाऊन पेज करायची होती.

मी तारीख लिहिली.
वार बुधवारच आला.

परतताना मधल्या पाण्यात फोन वाजला
आणि मी तो पालथा घातला नाही,
इस्पितळाची बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.
पेटी रिकामी होती, वितळायला काही नव्हतं.

मग बशीरला सांगून ठेवलं:
दीड महिन्याने माझी फेरी अमावास्येला येते,
उधाण असेल, खालचा धक्का बुडालेला असेल,
होडी वरच्या पायऱ्यांना लाव.
तो म्हणाला, "तवा बघू."
मग थोडं पुढे गेल्यावर, काठाकडे बघत,
"वरच्या पायरीची कडी गंजलीय. बदलायला हवी."