आयत्या वेळचे विषय

पहिल्या शनिवारी सात जणी आल्या,
सातवी-आठवीच्या. एकीच्या कडेवर धाकटा भाऊ.
शाळेचा व्हरांडा, मागं डाळिंबावर फवारणी चाललेली,
माणगंगेकडून वारा आला की औषधाचा वास.
मी म्हटलं, भाषण शिकवायचं नाही मला.
ते येतं तुम्हाला, पंधरा ऑगस्टला ऐकलंय
मूठ वळून, घसा ताणून.
आज नुसती रेघ मारायला शिकायची.

पिशवीतून इतिवृत्ताची झेरॉक्स काढली,
आटपाडीला अर्ज करून मिळालेली, दोन रुपये पान.
सभा संपते कुठं, सांगा.
सिमरन मुलाणी म्हणाली, सहीपाशी.
वेदांती खिलारे म्हणाली, चहापाशी.

मग बोट ठेवून दाखवलं.
वर शेवटचा ठराव, खाली सही,
आणि मधी ही चार बोटं कोरी जागा.
इथं मागनं येऊन बसतात
आयत्या वेळचे विषय.
गटार, जे वाहिलंच नाही.
बोअर, जी गावासाठी मंजूर झाली आणि कुणाच्या तरी रानात उतरली.
दिवाबत्ती, तिच्या खांबांवर रात्री अंधार आणि दिवसा होले.
म्हणून आधी रेघ,
या कोपऱ्यापासनं त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी,
मग सही.
कुणी म्हणू दे, वैनी आटपा,
साहेब जीपमध्ये बसून राहिलेत.
बसू दे.

दुसऱ्या शनिवारी सभा भरवली.
प्रज्ञा ऐवळे सरपंच, एक पाय हलणाऱ्या खुर्चीवर.
विषय पहिला : मुलींच्या संडासाला आतनं कडी.
सिमरन ग्रामसेवक, लिहून मोकळी – सर्वानुमते मंजूर.
प्रज्ञा म्हणाली, हात मोजले का?
न मोजता सर्वानुमते कसं?
पाच वर्षं त्या खुर्चीत होते मी.
हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

वेदांती उठली, खुर्चीला खेटून स्टूल ओढलं,
नसलेल्या मिशीला पीळ दिला :
"मॅडमचं म्हणणं असं हाय की..."
पोरी लोळल्या हसून.
मी जरा उशिरा हसले.

चौथ्या शनिवारी प्रज्ञा लवकर आली, एकटीच.
झेरॉक्सची घडी उलगडली.
काकी, ही सही तुमची?
सौ. शालन गणपत देवकाते,
प्रत्येक अक्षर सुटं, गोल, दोन रात्री गिरवून आलेलं.
वर ठराव नंबर नऊ : वस्तीवरची पाण्याची लाईन,
काम पूर्ण, बिल अदा.
म्हणाली, आमची आई अजून हापशावर जाते.

माझीच, म्हटलं. वाचलं नव्हतं.
म्हशीची धार काढत होते, मालकांनी वही पुढं धरली,
पदराला हात पुसला आणि केली.
हा बघ अंगठ्याचा डाग, झेरॉक्समध्येसुद्धा आलाय.

वाटलं, आता ही उठून जाईल.
ती डाग बघत राहिली बराच वेळ.
मग दप्तरातनं पेन काढलं.
एक मेला ग्रामसभा आहे, म्हणाली.
मला चालत नाही, अठरा पुरी नाहीत.
तुमचं नाव यादीत आहे. तुम्ही विचारायचं.
मी विचारू? माझ्याच सहीबद्दल?
मग दुसरं कोण विचारणार?

तेव्हापासनं शनिवार माझा.
आधी ठराव नंबर, मग तारीख, मग प्रश्न.
पदर सारखा करायचा नाही.
"मला काय कळतंय" असं सुरुवातीला म्हणायचं नाही.
सहा जणी सतरंजीवर, गाव म्हणून.
प्रज्ञा पुढं, वही घेऊन.

काल मी उभी राहिले,
नऊ म्हटलं, तारीख म्हटली,
आणि स्टुलावरनं वेदांती खेकसली :
"शालन, बस खाली. घरी बोलू."
खेळच होता.
पण गुडघे माझ्याआधी वाकले,
मी बसले.

कुणी हसलं नाही.
परत, प्रज्ञा म्हणाली.
काकी, परत उठा. नऊपासनं.