खलघाटला गाडी हळू

वृषालीने तिकीट पाठवलं मोबाइलवर :
इंदूर ते पुणे, एक तास वीस मिनिटं.
चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
एवढ्या वेळात मी जेमतेम
मानपूरचा घाट उतरलेला असायचो
आणि क्लीनर रामरतनला
रात्रीची पहिली शिवी देऊन झालेली असायची.

तिच्या शाळेतला नकाशा ट्रंकेत होता.
त्यावर दोरा ताणला. हवाई अंतर
पाचशे दहा, फार तर पंधरा.
माझ्या गाडीच्या मीटरवर पाचशे नव्वद भरायचं,
सव्वीस वर्षं, रात्रपाळीला.
मधले ऐंशी किलोमीटर गेले कुठे?
दोरा सांगत नाही.
उजवा खांदा सांगतो : ती वळणं होती.

विमानतळ बिजासनच्या टेकडीला लागून.
दुसरी बिजासन सेंधव्यापुढे, घाटात.
तिथे मी रात्री एकला हॉर्न द्यायचो,
अगदी बारीक,
देवीला झोपेत कळेल इतपतच.
या देवीला काय द्यावं?
काचेतून टेकडी दिसली तसा
खुर्चीच्या हाताचं बटण दाबलं अंगठ्याने.
खुर्ची धाडकन मागे गेली.
"अहो काका!" मागच्या बाई म्हणाल्या.

खलघाटच्या पुलावर गाडी हळू करायचो.
मालक म्हणायचा, डिझेल जातं.
जाऊ दे.
खिडक्या सरकायच्या खडखड,
झोपेतले हात बाहेर यायचे,
निम्मी नाणी कठड्यावर आपटून
पुलावरच राहायची.
पागनीस बाई दर दिवाळीला दोन टाकायच्या,
एक स्वतःचं,
एक बरोबर न आलेल्या माणसाचं.
कोण, ते मी कधी विचारलं नाही.
आरशात बघायचो फक्त.

तर, विमान उडालं.
पोटात झालं ते सांगण्याजोगं नाही.
मी घड्याळ धरून बसलो होतो.
नववं मिनिट. पट्ट्याचा दिवा अजून तसाच,
आणि खाली, महेश्वरच्या अंगाला कुठेतरी,
ती.
लुगड्याच्या काठाएवढी. उन्हात.
मुठीत दोन रुपयांचं नाणं, घामेजलेलं.
ही काच सरकत नाही, माहीत होतं मला.
तरी कडेकडेने बोट फिरवून पाहिलं.

आणि उजवा पाय,
सात वर्षांपूर्वी रिटायर झालेला,
आपणहून खाली दाबला गेला.

हळू झालं नाही काही.
हवाईसुंदरीने पाणी आणलं.
ते पिऊन होईतो सातपुडाही मागे पडला होता,
मला त्याचं एक वळण घ्यावं लागलं नाही.

"बाबा, किती वेळ लागला?" वृषालीने विचारलं.
एक तास चौदा मिनिटं, म्हटलं.
मालकाला आवडला असता असला ड्रायव्हर.

नाणं तिच्याकडे, चष्म्याच्या डबीत ठेवलंय.
परतीचं विमान गुरुवारचं.
ते रद्द केलंय, तिला अजून सांगायचंय.
रात्री आठची गाडी धरलीय, बिनएसीची,
डावीकडची खिडकी. येताना कठडा त्या बाजूला पडतो.
ड्रायव्हर कुणी चौरे म्हणून आहे, खरगोनचा.
पुलावर हळू करतो का,
एवढं विचारायचं राहिलं.