ब्रेक

चाकणच्या गेटवर माझा फोटो तोच आहे,
कार्ड अकरावं.
सात महिने भरले की ब्रेक देतात.
आमच्यात सातव्या महिन्यात ओटी भरतात,
झोपाळ्यावर बसवतात.
इथं कार्ड काढून घेतात.

शेवंता म्हणाली, निदान पेढा की बर्फी
एवढं तरी विचारा.
लाइनवरच्या सगळ्या हसल्या.
बोऱ्हाडे सुपरवायझर पण हसला,
आणि म्हणाला, मिनिटाला तीन नको, चार काढा.

मेदनकरवाडीतल्या खोलीचं भाडं
ब्रेक घेत नाही.
सिलेंडर घेत नाही,
पोराच्या व्हॅनचे पैसे तर नाहीच नाही.
तूरडाळ मी आता वायरिंगमध्ये मोजते:
एक किलो म्हणजे
पंचिंगपासून चहाच्या भोंग्यापर्यंत.
तो चहाही पगारातून कापतात.

परवा नव्या ठेकेदाराच्या फॉर्मवर
‘अनुभव’ असा रकाना होता.
शेजारची पोर, अठराची असेल नसेल,
विचारते, ताई, इथं काय लिहायचं?
म्हटलं, तू नवीन लिही.

मग माझ्या फॉर्मवर
सात वर्षं लिहिली.
आकड्याचं काय, आकडा ते बदलतात,
म्हणून
अक्षरी.