वाण

शेजारणीच्या भाषेत मळे म्हणजे पाऊस.
आमच्यात मळे म्हणजे मळे.
बसलिंगव्वा बांधावरून ओरडायची, "मळे बंतु!"
आणि नव्यानं नांदायला आलेली मी
वळून बघायचे, शेतं कुठून आली म्हणून.

यंदा पुनर्वसूत ते खरंच झालं.
बळ्ळारी नाला बांध ओलांडून आला
आणि वरच्या अंगाची सहा जणांची शेतं
मातीसकट आमच्या एकरात येऊन बसली.

त्याआधीचं सांगते.
वळवाचे दोन सडे पडले होते.
रोहिणीत धूळवाफेवर पेरलं.
कुरी परशरामनं हाकली, चाड्यावर मूठ माझी.
बोटांच्या फटीतून भात किती सुटावं
हे माझ्या मुठीला ठाऊक आहे, मला नाही.
मग मृग. वाहन म्हणे म्हैस.
म्हैस कुठल्या डबक्यात बसली कोण जाणे,
तेवीस दिवस नुसतं ऊन.
उकरून बघितलं:
दाण्याला मोड आलेला,
मोड वाळून दोऱ्यासारखा.

दुबार पेरलं. ते वीतभर झालं
तेव्हा नाला आला.

तिसऱ्या खेपेला तरवा बसलिंगव्वानं दिला,
तिच्या माळावरच्या तुकड्यातला, मिळेल त्या वाणाचा.
पैसे घेतले नाहीत.
लावताना गाळात एक चप्पल सापडली,
वरच्या गावातल्या कुणाची तरी, डाव्या पायाची.
अजून परड्यात आहे.

स्वातीत कापणी.
वळी अंथरल्या त्याच रात्री भागूआत्ती ओरडली,
"पडूलाय गे, पडूलाय!"
ताडपत्री घराएवढी,
शेत शेताएवढं.
आठव्या दिवशी लोंब्यांतच हिरवे कोंब.
पेरल्यावर उगवलं नाही ते
कापल्यावर उगवलं.

भरपाईसाठी चावडीत पहाणी मागितली.
तिकडे पहाणी म्हणजे उतारा, कागद.
आमच्यात पाहणी म्हणजे येऊन बघणं.
कागद दिला.
बघायला अजून कोण आलं नाही.

परशराम म्हणतो, बासमती सोड आता.
पाच महिन्यांचं पीक ते,
आणि सलग पाच महिने
हल्ली आभाळाकडेही नसतात.
चार महिन्यांचं आणू, पिशवीतलं.
त्याचं चुकत नाही.
तो हिशोबानं बोलतो,
मी वासानं.
आश्विनात भात फुलोऱ्यावर असताना
बांधावरून नुसतं चालत आलं तरी
आत्ती म्हणायची, आज लुगडं धुवू नको.

शिंक्यावरच्या भोपळ्यात
गेल्या सालचं बासमती होतं, अडीच शेर.
संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आल्या.
दर साली वाण म्हणून कंगवा, नाहीतर प्लास्टिकची डबी.
यंदा मी प्रत्येकीच्या ओटीत मूठभर भात घातलं.
"खीर करायला?"
"पेरायला.
मल्लव्वा, तुझं रान उंचावर, तू वळवावर पेर.
शेवंता, तू आर्द्रा लागल्याशिवाय हात लावू नको.
तुळसाक्का, तुझ्या न्हाणीच्या पाण्यावर दोन वाफे होतील,
तू नक्षत्र बघूच नको.
बसलिंगव्वा, तुझं तू ठरव, मळे तुझा आहे."
ती हसली. "मळे आता कुणाचाच नाही," म्हणाली,
माझ्याच भाषेत.

कुणाचं तरी टिकेल.
जिचं टिकेल तिनं पुढच्या संक्रांतीला
मूठभर परत आणायचं, एवढंच ठरलं.
दोघी-तिघी दारात गेल्यावर कुजबुजल्या,
हिला नाल्याचं पाणी लागलंय.
शेवंतानं मात्र पदराच्या टोकाला गाठ मारली
आणि ती गाठ नाकाला लावून बघितली.

रात्री भोपळा हलवला.
तळाशी थोडं वाजलं.
तेवढं माझं.
कधी पेरायचं,
ते अजून ठरलेलं नाही.